राजकन्यांच्या ॲनिमेशनपटांतील वंश आणि वर्ण

परीकथेवर बेतलेल्या ॲनिमेशनपटांत राजकन्या कोणत्या वंशाची आणि वर्णाची दाखवतात, तिच्याभोवतीची माणसे कशी रंगवतात आणि हे सारे कोण ठरवते, याचा अभ्यास या विषयात येतो. चर्चा मुख्यतः अमेरिकेतील डिस्ने कंपनीच्या चित्रपटांभोवती फिरते. खानदेशात हे चित्रपट हिंदी डबिंगमधून आले. त्यांतल्या प्रतिमा मात्र दप्तर, कंपासपेटी, वाढदिवसाचा केक आणि भाड्याचे फ्रॉक यांवरून त्याहून कितीतरी दूर पोचल्या. चित्रपट कधीच न पाहिलेली मुलगीही निळ्या झग्यातली सोनेरी केसांची राजकन्या ओळखते.

शब्द आणि त्यांच्या मर्यादा

अमेरिकेत काळा-गोरा हा भेद गुलामगिरीच्या इतिहासातून आला. मराठीत गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळा या एकाच घरातल्या भावंडांना लावायच्या पायऱ्या आहेत. स्थळ पाहताना त्या मोजल्या जातात. जात आणि जमात हा भेद याहून वेगळा आहे. सातपुड्यातल्या पावरा जमातीच्या मुलीला हिणवतात तेव्हा तिच्या रंगासोबत तिची बोली आणि तिचा पाडाही हिणवला जातो. त्यामुळे अमेरिकी चर्चा जशीच्या तशी इथे लावता येत नाही. गावगाड्याच्या भाषेत शेतजमीन म्हणजे ‘काळी’ आणि वस्तीची जागा म्हणजे ‘पांढरी’. कापूस पिकवणाऱ्या या मुलुखात काळी असणे हा जमिनीचा सर्वात मोठा गुण मानतात. अहिराणीत ‘काळा’चा ‘काया’ होतो. तोच शब्द पोरीला लावला की दोष ठरतो.

कालक्रम

डिस्नेचा पहिला राजकन्यापट ‘स्नो व्हाइट’ 1937 सालचा. नायिकेचे नावच तिच्या हिमासारख्या कांतीवरून पडलेले आहे. सिंड्रेला (1950), ऑरोरा (1959), एरियल (1989) आणि बेल (1991) या पुढच्या साऱ्या नायिका युरोपीय रूपाच्या होत्या. पहिली बिगरयुरोपीय राजकन्या ‘अलादीन’मधली जास्मिन. ती 1992 साली, म्हणजे 55 वर्षांनी आली. नंतर पोकाहोंटास (1995) आणि मुलान (1998) आल्या. पहिली कृष्णवर्णीय राजकन्या टियाना हिला 2009 साल उजाडले. मोआना (2016) आणि राया (2021) त्यानंतरच्या. कंपनीच्या अधिकृत यादीत 13 राजकन्या आहेत आणि त्यांतल्या 6 बिगरयुरोपीय आहेत.

या मोजणीवर समाधान मानले की फसगत होते. ‘अलादीन’चे आग्राबा हे शहर कुठलेच नाही. राजवाडा ताजमहालाच्या वळणाचा, वाघाचे नाव राजा आणि वाळवंट अरबस्तानचे. मूळ सुरुवातीच्या गाण्यात तिथल्या लोकांना तुमचा चेहरा आवडला नाही तर ते कान कापतात, अशा अर्थाची ओळ होती. अरब-अमेरिकी संघटनेच्या आक्षेपानंतर 1993 सालच्या व्हिडिओ आवृत्तीत ती बदलली. त्या मुलुखाला रानटी म्हणणारा शब्द मात्र तसाच राहिला आणि तो 2019 सालच्या नव्या चित्रपटातच निघाला.

पोकाहोंटास ही अमेरिकेतली खरीखुरी मूलनिवासी मुलगी. तिच्या बाबतीत इतिहासच वाकवला गेला. 1607 साली इंग्रज वसाहतवाला जॉन स्मिथ आला तेव्हा ती जेमतेम 10-11 वर्षांची होती. 1613 साली इंग्रजांनी तिला पकडून नेले. 1614 साली जॉन रॉल्फशी तिचे लग्न झाले आणि 1617 साली इंग्लंडमध्ये ती वारली. चित्रपटात त्या लहान पोरीची तरुण प्रेयसी केली आहे.

टियानाच्या चित्रपटात सुरुवातीच्या आराखड्यानुसार नायिकेचे नाव मॅडी होते आणि ती श्रीमंत गोऱ्या घरातली मोलकरीण होती. टीका झाल्यावर नाव आणि काम दोन्ही बदलले. ती स्वतःचे हॉटेल उघडू पाहणारी कष्टाळू मुलगी झाली. तरीही इतक्या वर्षांनी आलेली ही नायिका चित्रपटाचा मोठा भाग हिरव्या बेडकीच्या रूपात वावरते. मोठ्या पडद्यावर आपल्या रंगाचा चेहरा पाहायला आलेल्या मुलींना तो चेहरा थोडाच वेळ दिसला.

चूक कोणत्या टप्प्यावर होते

*आकृती.* प्रत्येक पात्राचा एक नमुना-तक्ता करतात. त्यात समोरून, बाजूने आणि मागून दिसणारे रूप, भाव आणि रंगांचे ठरलेले क्रमांक असतात. जुना गोरा साचा ठेवून फक्त रंगाचा क्रमांक बदलला की नाक, ओठ, जबडा युरोपीयच राहतात. याच्या उलटही घडते. 2018 सालच्या ‘राल्फ ब्रेक्स द इंटरनेट’च्या झलकेत टियाना उजळ रंगाची आणि अरुंद नाकाची झाली होती. प्रेक्षक व संघटनांनी ते दाखवून दिले आणि चित्रपट लागण्यापूर्वी तिचे रूप दुरुस्त करावे लागले.

*प्रकाश.* त्रिमिती ॲनिमेशनमध्ये त्वचेत शिरून पसरणाऱ्या प्रकाशाचे गणित मांडतात. गोऱ्या गालाची लाली त्यातून छान उतरते, म्हणून तंत्राचा भर बराच काळ त्यावर राहिला. सावळ्या-काळ्या त्वचेवर जिवंतपणा येतो तो पृष्ठभागावरच्या तकाकीने आणि आजूबाजूच्या रंगांच्या पडछायेने. गोऱ्या पात्रासाठी लावलेलाच प्रकाश काळ्या पात्रावर ठेवला तर चेहरा राखेसारखा सपाट दिसतो. मग कोणीतरी त्वचेचा रंगच दोन छटा उजळ करून टाकतो. दुरुस्ती प्रकाशाची करायला हवी असते.

*केस.* कुरळ्या केसांचे गणित सरळ केसांपेक्षा अवघड असते. ‘ब्रेव्ह’मधल्या मेरिडाच्या कुरळ्या लाल केसांसाठी नवे सॉफ्टवेअर लिहावे लागले.

*आवाज आणि वाक्ये.* जास्मिनचे संवाद गोऱ्या अमेरिकी अभिनेत्रीने म्हटले आणि गाणी फिलिपिनो गायिका लिआ सालोंगा हिने. पोकाहोंटासचे संवाद मूलनिवासी वंशाच्या आयरीन बेडार्डचे आहेत. वाक्यांची मोजणी याहून डोळे उघडणारी आहे. भाषाभ्यासक कारमेन फॉट आणि कॅरेन आयझेनहावर यांनी 2016 साली संवाद मोजले. पुरुषपात्रांचा वाटा ‘द लिटल मर्मेड’मध्ये 68 टक्के, ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मध्ये 71 टक्के निघाला. ‘अलादीन’मध्ये तो 90, ‘पोकाहोंटास’मध्ये 76 आणि ‘मुलान’मध्ये 77 टक्के होता. ज्या तीन चित्रपटांनी बिगरयुरोपीय नायिका आणली, त्यांतच पुरुषांचा वाटा सर्वात मोठा होता.

हिंदी डबिंगमध्ये एक गोष्ट पुसली जाते. मूळ ‘अलादीन’मध्ये नायक शुद्ध अमेरिकी बोलतो आणि पहारेकरी अरबी हेल काढतात. हिंदीत हा भेद जातो. पण नोकराला किंवा विदूषकाला गावाकडचा हेल देण्याची आपली खोड त्या जागी येऊ शकते. मराठी पडद्यावर अहिराणी हेल बहुधा हशा पिकवण्यापुरता येतो, हे खानदेशी प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही.

सल्ला आणि करार

‘मोआना’च्या वेळी पॅसिफिक बेटांवरच्या जाणकारांचा सल्लागार गट नेमला होता. देवतास्वरूप माउई आधी टकला रेखाटला होता. ताहितीच्या सल्लागारांच्या आक्षेपानंतर त्याला लांब केस मिळाले. मोआना रागाने नारळ फेकते हा प्रसंगही काढला, कारण तिथे नारळ हे आधाराचे झाड आहे. तरी विक्री विभागाने घोटाळा केलाच. तपकिरी कातडी आणि गोंदणे छापलेला माउईचा पोशाख मुलांसाठी बाजारात आणला गेला आणि विरोध झाल्यावर सप्टेंबर 2016 मध्ये मागे घ्यावा लागला. कथेच्या विभागाला मिळालेला सल्ला पोशाखाच्या विभागापर्यंत पोचला नव्हता. ‘फ्रोझन 2’च्या आधी 2019 साली उत्तर युरोपातल्या सामी या मूलनिवासी लोकांच्या प्रतिनिधी संस्थांशी कंपनीने लेखी करार केला. सल्लागार सामींनी निवडले आणि उत्तर सामी भाषेत डबिंगही झाले. सल्ल्याचा उपयोग व्हायचा तर तो आकृती पक्की होण्याआधी मागावा लागतो. चित्रीकरण संपल्यावर मागितलेला सल्ला आभाराच्या यादीत एक ओळ वाढवतो, एवढेच.

खानदेशच्या उंबऱ्यावरची राजकन्या

जळगावहून सुमारे 60 किलोमीटरवर अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या शेजारी दागिने ल्यालेली काळीसावळी स्त्री आहे. तिला कृष्णवर्णी राजकन्या म्हणतात. ही चित्रे पाचव्या शतकातली आहेत. एकाच दरबारात गोरी, गव्हाळ, तांबूस आणि गडद माणसे तिथे शेजारी शेजारी बसली आहेत. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि चुना ही त्यांची मुख्य सामग्री. गडद चेहरा सपाट दिसू नये म्हणून नाकावर, ओठावर आणि हनुवटीवर फिक्या रंगाची तकाकी दिली आहे. संगणकाला जे उशिरा जमले ते या चितारींना हाताने साधले होते. खानदेशातल्या मुलांना राजकन्या दाखवायची तर सहल इथून सुरू करावी.

नंदुरबार जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 69 टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. सातपुड्यात भिल्ल सरदारांची मेवासी संस्थाने होती. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी अजून भरते. याहामोगी ही इथल्या आदिवासींची देवी. महाशिवरात्रीला गुजरातेतल्या देवमोगरा येथे तिची जत्रा असते. तिच्यावर मालिका किंवा चित्रफीत करू पाहणाऱ्याने माउईच्या पोशाखाचे प्रकरण आधी वाचावे.

शाळेच्या गॅदरिंगमध्ये

‘आदिवासी नृत्य’ म्हणून मुलांना काळा रंग फासून पानांचे घागरे नेसवण्याची प्रथा अजून अनेक शाळांत आहे. ती थांबवावी. पावरा आणि भिल्ल स्त्रिया सणाला घागरा-लुगडे आणि चांदीचे दागिने घालतात, पाने नेसत नाहीत. होळीत अंगावर राखेची नक्षी, कमरेला दुधी भोपळे आणि डोक्यावर मोरपिसांचा टोप घालणारे बुध्या-बावा नवस फेडत असतात आणि त्या दिवसांत कडक पाळणी पाळतात. तो नवस आहे, पोशाखस्पर्धेचा विषय नाही.

राजकन्येच्या भूमिकेत उलटी चूक होते. सावळ्या मुलीला दोन-तीन छटा उजळ पॅनकेक (रंगभूषेचा लेप) लावतात. मान आणि हात गडद राहतात, पावडरीतल्या पांढऱ्या द्रव्यामुळे दिव्याखाली चेहरा राखाडी दिसतो आणि फोटोत मुखवट्यासारखा उतरतो. छटा मनगटावर न पाहता जबड्याच्या कडेला लावून पाहावी. मिसळून दिसेनाशी झाली तर ती बरोबर. सोनेरी विगऐवजी तिची स्वतःची वेणी ठेवावी.

वर्गात हा विषय घ्यायचा तर 40 मिनिटांचा तास पुरतो. चित्रपट दाखवण्याआधी मुलांना राजकन्या काढायला सांगावी. पेटीतल्या फिक्या गुलाबी खडूला मुले ‘स्किन कलर’ म्हणतात, त्याला त्या तासापुरते ‘फिका गुलाबी’ म्हणावे. अमेरिकेतील क्रेयोला कंपनीने अशाच खडूचे नाव 1962 साली बदलले. सावळ्या रंगासाठी आधी हलक्या हाताने तपकिरी, त्यावर पिवळा आणि गालाला किंचित लाल असा थर द्यावा. नुसता काळा खडू दिला तर डोळे-ओठ झाकले जातात, चित्र बिघडते आणि मुले त्या रंगालाच दोष देतात. डोळ्यांच्या रेषा शेवटी पुन्हा ओढाव्यात. मग चित्रपटातली 10 मिनिटे दाखवून कोण किती वेळा बोलले, निर्णय कोणी घेतला, हसू कोणावर झाले, याच्या रेघा मारायला सांगाव्यात.

‘यातली सुंदर कोण?’ किंवा ‘तुझ्यासारखी कोण?’ हे मात्र सर्वांदेखत विचारू नये. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ आणि मेमी क्लार्क यांनी 1940 च्या दशकात 253 कृष्णवर्णीय मुलांना फक्त रंगात फरक असलेल्या बाहुल्या दाखवल्या. सुमारे दोन तृतीयांश मुलांना गोरी बाहुली आवडली. शेवटी ‘तुझ्यासारखी कोणती?’ असे विचारल्यावर काही मुले रडत खोलीबाहेर निघून गेली.