दुःखाने माणूस घडतो? आधी बटण कुणाकडे होतं ते सांगा

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं सांगणाऱ्याच्या हातात बहुधा टाकी असते. घाव खाणारा असं काही बोलत नाही. बोललाच तर वीस वर्षांनी, सगळं निभावून गेल्यावर. जो निभावला नाही, त्याला भाषणाला कुणी बोलावत नाही. मूर्तीभोवती पडलेले तडकलेले दगड मोजायची पद्धत नाही, म्हणून म्हण खरी वाटत राहते.

माझा या म्हणीवर जुना राग आहे. पण राग म्हणजे पुरावा नव्हे. तेव्हा सरळच विचारू: त्रास सोसून प्राणी कणखर होतो का? याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत सुंदर उत्तर एका फार क्रूर प्रयोगातून आलं आहे.

1967 साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांना कापडी झोळीत जखडून विजेचे झटके दिले. डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टी होती. पहिल्या गटातल्या कुत्र्याने डोक्याने पट्टी दाबली की झटका थांबायचा. दुसऱ्या गटातल्या कुत्र्याने कितीही डोकं आपटलं तरी काही होत नसे. यातली मेख अशी की दोन्ही गटांना झटके तेवढेच आणि एकूण तेवढाच वेळ बसत होते. यातना तोलूनमापून सारख्या, फरक फक्त पट्टीचा. तिसऱ्या गटाला झटकेच नव्हते.

24 तासांनी कुत्र्यांना एकेक करून दोन कप्प्यांच्या पेटीत सोडलं. इथे झटका सुरू झाला की मधला अडथळा ओलांडायचा, की सुटका. पहिला आणि तिसरा गट उड्या मारायला शिकला. दुसऱ्या गटातल्या 8 पैकी 6 कुत्र्यांनी दहातल्या किमान नऊ वेळा सुटकेची संधी वापरलीच नाही. झटका थांबेपर्यंत ती मुकाट सोसत राहिली. म्हण खरी असती तर सारख्या घावांनी दोन्ही गट सारखेच घडायला हवे होते.

याला ‘शिकलेली असहायता’ असं नाव पडलं आणि ते पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलं. गंमत पुढे आहे. मायरने पुढची काही दशकं उंदरांच्या मेंदूत घालवली. पट्टीच्या जागी एक छोटं चाक आलं. उंदराने ते पंजांनी फिरवलं की झटका बंद. जोडीच्या उंदराचं चाक नुसतं शोभेचं.

मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कस्तंभात, डॉर्सल राफे नावाचा पेशींचा एक पुंजका आहे. झटके लांबले की तो खवळतो आणि मेंदूभर सेरोटोनिन सोडतो. (हो, तेच सेरोटोनिन, ज्याला फॉरवर्ड होणारे मेसेज ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात. रसायनांना स्वभाव नसतो, ती कुठे पोचतात त्यावर सगळं ठरतं.) इथे ते अमिग्डाला या मेंदूतल्या भीतीच्या केंद्रात पोचून भीती वाढवतं आणि पळ काढायला लावणाऱ्या भागाला दाबून टाकतं. भीती दुप्पट, पाय जड.

मग चाक फिरवणारा उंदीर कसा वाचतो? त्यालाही झटके बसतात, त्याच्याही रक्तात ताणाची संप्रेरकं तेवढीच चढतात. पण कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा आतला भाग ओळखतो की ‘मी काही केलं की हे थांबतं’, आणि खाली राफेकडे निरोप धाडतो. हा निरोप सेरोटोनिनच्या पेशींना थेट जात नाही. शेजारच्या गाबा पेशींना (यांचं काम इतर पेशींना आवरणं) तो चेतवतो आणि त्या राफेला गप्प करतात. म्हणजे चेतवण्यातून शांत करण्याचा द्राविडी प्राणायाम! 2005 साली मायरच्या गटाने कॉर्टेक्सचा तो भाग औषधाने तात्पुरता बंद केला. उंदीर चाक फिरवत होता, झटका थांबवत होता, पण नंतर वागला असहाय उंदरासारखाच. उलट, तो भाग औषधाने चेतवला तेव्हा काहीच हातात नसलेला उंदीरही सावरला.

2016 साली सेलिगमन आणि मायर यांनी आपलाच सिद्धांत उलटा केला. असहायता शिकावी लागत नाही. लांबलेल्या यातनेला मेंदूचा तो मूळचाच प्रतिसाद आहे. शिकावं लागतं ते ‘माझ्या हातात काही आहे’ हे. आणि एकदा शिकलेलं टिकतं. आधी चाक फिरवलेल्या उंदराला नंतर सुटका नसलेले झटके दिले तरी राफे फारसा खवळत नाही. बाहेरून बघणारा यालाच ‘कणखरपणा’ म्हणेल आणि श्रेय झटक्यांना देईल.

माणूस उंदीर नाही, हे मान्य. पण सुमारे 2,400 अमेरिकी लोकांच्या एका पाहणीत (2010) थोडी संकटं पाहिलेले लोक अजिबात न पाहिलेल्यांपेक्षा मनाने बरे निघाले, तसेच पुष्कळ पाहिलेल्यांपेक्षाही. प्रेरणादायी वक्ते यातला पहिला अर्धाच सांगतात. ‘भोग आहेत, भोगूनच संपतील’ म्हणणारे तर तेवढंही बघत नाहीत. त्यांच्या हिशेबात सोसणं हीच कमाई असते. दुसऱ्या गटातल्या कुत्र्यांनी काय कमावलं, ते त्यांनी सांगावं.

त्या गलितगात्र कुत्र्यांचं पुढे काय झालं, ही गोष्ट कमी सांगितली जाते. पलीकडे खाऊ ठेवला, हाका मारल्या, अडथळा काढला, तरी ती हलेनात. शेवटी संशोधकांनी गळ्यात दोरी बांधून त्यांना झटक्याच्या बाजूने सुरक्षित बाजूला ओढत नेलं. पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. सुरुवातीला अख्खं धूड ओढावं लागे. मग जोर कमी लागू लागला, मग नुसता हिसका पुरे झाला, आणि मग दोरी सैल असतानाच कुत्री आपल्या पायांनी निघाली.