सीनियर लिव्हिंग की असिस्टेड लिव्हिंग? आधी सांगा, अंघोळ कोण घालणार?

गेल्या वर्षी बाबांसाठी पुण्यात जागा बघायला लागलो तेव्हा मला वाटायचं की ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत, वृद्धाश्रम म्हणायला जीभ रेटत नाही म्हणून लोक इंग्रजी नाव घेतात एवढंच. ब्रोशरही सेम, दोन्हीकडे बाकावर बसून हसणारं पांढऱ्या केसांचं जोडपं. प्रत्यक्ष बघून आलो तेव्हा कळलं की एकीकडे आपण घर घेतो आणि दुसरीकडे माणसांचे हात.

सीनियर लिव्हिंग म्हणजे, पुणेकरांना पटकन कळायचं तर, अथश्रीसारखी सोसायटी. स्वतःचा किंवा भाड्याचा फ्लॅट, किल्ली आपल्याकडे, रॅम्प, मेस, साफसफाई, भजनाचा ग्रुप, आणि बेल दाबली की कुणीतरी धावत येतं. पण येतं ते अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायला, मुलांना फोन लावायला. रोज सकाळी पायजम्याची नाडी बांधायला नाही, आणि आमचा प्रॉब्लेम नेमका नाडीचाच होता, बाबांना पार्किन्सन्स आहे.

आमच्या डॉक्टरांनी एक साधा हिशोब सांगितला तो मला सगळ्यात कामाचा वाटला. अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून खुर्चीत बसणं, लघवी-संडासवर ताबा, आणि हाताने जेवणं, या ६ गोष्टी बघायच्या. कात्झ नावाच्या डॉक्टरांची ही यादी, १९६३ पासून वापरात आहे. त्यात साधारण क्रमही असतो, आधी अंघोळ जाते, जेवण शेवटी. याशिवाय दुसरी एक यादी असते, तिच्यात स्वयंपाक, बाजारहाट, बिलं भरणं, औषधं वेळेवर घेणं, फोन करणं अशी कामं. आता गंमत बघा, दुसऱ्या यादीतलं बरंचसं ओझं सीनियर लिव्हिंग उचलतं, पण पहिल्या यादीतलं एक जरी रोज दुसऱ्याने करायची वेळ आली की तुम्हाला असिस्टेड लिव्हिंग लागतं, म्हणजे हे करायला तिथलीच माणसं असतात अशी जागा, नाहीतर फ्लॅटमध्ये ब्युरोची मावशी किंवा दादा. मावशीचा पर्याय वाईट नाही हां, फक्त २४ तासांची असेल तर तिची झोपायची जागा, जेवण, सुट्टी आणि ती गावाला गेल्यावर बदली, हे सगळं आपण सांभाळायचं, आणि मुलगा बाहेरगावी असेल तर ते सांभाळणार कोण, ऐंशीच्या घरातली आई?

महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम आणले, दरवाजे किमान ९०० मिमी रुंद म्हणजे व्हीलचेअर जाईल, बाथरूममध्ये पकडायला दांड्या वगैरे. चांगलंच आहे. पण रेरा बघतं ते बांधकाम आणि विक्री, सकाळी सातला बाबांना उठवायला कोण येतं हे नाही. असिस्टेड लिव्हिंगमध्ये मालकी नसते, डिपॉझिट आणि महिन्याची फी, म्हणजे खरा कागद तो अ‍ॅग्रीमेंटचा. चालतं-फिरतं, व्हीलचेअर, बेडरिडन, डिमेन्शिया असे रेट वेगवेगळे लागतात, तेव्हा आजचा रेट विचारून घरी येऊ नका, उद्या बाबा अंथरुणाला खिळले तर किती, तेही विचारा. डायपर, फिजिओ, हॉस्पिटलात सोबतीला राहणारा माणूस, हे फीमध्ये आहे का वेगळं, तेही लिहून घ्या. आणि मेडिक्लेमवर विसंबू नका, तो उपचारांचा खर्च देतो, अंघोळ घालणं, कपडे चढवणं असली देखभाल पॉलिसीच्या एक्स्क्लुजनमध्ये, म्हणजे न मिळणाऱ्या खर्चांच्या यादीत, चक्क शब्दांत लिहिलेली असते.

बघायला गेलात की हॉल, बाग सोडा, थेट बाथरूममध्ये जा. एका चकाचक ठिकाणी इमर्जन्सीची दोरी नीट गुंडाळून वर हुकला अडकवलेली, का तर पुसताना ओली होते म्हणे! अहो, पडलेला माणूस जमिनीवर असतो ना, दोरी जमिनीपर्यंत नको? दुसरं ठिकाण जुनाट होतं, भिंतीला पोपडे, पण दुपारी चारला एक ताई एका आजोबांची नखं कापत होती आणि आजोबा तिला निगुतीने काप म्हणून दरडावत होते. मी तिथेच मनात टिक केली.

खरी कोंडी जोडप्यांची असते. आई ठणठणीत, बाबांना दोन माणसं लागतात. दोघांना सीनियर लिव्हिंगमध्ये ठेवलं तर आईच अटेंडंट होणार, दोघांना असिस्टेडमध्ये ठेवलं तर आई उगाच आजाऱ्यांच्यात. एकाच आवारात दोन्ही सोयी असलेल्या जागा आहेत, पण तिथेही असिस्टेडचा बेड लागेल तेव्हा रिकामा मिळेलच याची लेखी खात्री मागा, तोंडी सगळेच हो म्हणतात.

आमचं असं ठरलं, बाबा आधी महिनाभर ट्रायलवर त्या पोपडेवाल्या ठिकाणी आणि आई पायी दहा मिनिटांवर भाड्याच्या वन बीएचकेत. महिना कधीच संपला, दोघंही हलायला तयार नाहीत. रोज चारला आई थर्मास घेऊन जाते, तिथला चहा पाणचट आहे यावर दोघांचं एकमत.