व्हेस्पा ९४६

इटलीतील प्याज्जो कंपनीची, जुन्या घडणीवरून नव्याने रचलेली गिअरविरहित स्कूटर. मिलान येथील २०११ च्या दुचाकी प्रदर्शनात ‘क्वारांतासेई’ या नावाने तिचा नमुना मांडला गेला. २०१३ पासून पॉन्तेदेरा येथील कारखान्यात ती मर्यादित संख्येने, बरेचसे काम हाताने करून, तयार होऊ लागली.

नावातील आकडा एप्रिल १९४६ मध्ये पेटंटसाठी दाखल झालेल्या पहिल्या व्हेस्पाचे वर्ष सांगतो. आकार मात्र त्याआधीच्या, साधारण १९४५ मधील ‘एमपी ६’ या प्रायोगिक गाडीचा आहे, असे कंपनीचेच म्हणणे आहे. एमपी ६ च्याही आधी रेंझो स्पोल्ती व वित्तोरिओ कासिनी यांनी ‘एमपी ५’ तयार केली होती. तिच्या मधोमध उंचवटा असल्याने पाय पलीकडे टाकूनच बसावे लागे. कंपनीचे प्रमुख एन्रिको प्याज्जो यांना ती रुचली नाही व काम हेलिकॉप्टरचे अभियंते कोरादीनो दास्कानिओ यांच्याकडे गेले. युद्धकाळात इटलीत आलेल्या अमेरिकी कुशमन स्कूटरवरून ही कल्पना सुचली, असे एक मत आहे. लहान चाके व मोकळे पायदान यांपुरते ते मान्य करता येते; परंतु कुशमनची चौकट वेगळी असून चाकाला गती साखळीने मिळे. दास्कानिओंनी दाबीव पत्र्याचा सांगाडा हीच चौकट केली, इंजिन थेट मागच्या चाकाशी जोडले आणि पुढचे चाक विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूच्या भुजेवर धरले. त्यामुळे विमानविद्येचा वारसा अधिक ग्राह्य वाटतो.

९४६ मध्ये पोलादी सांगाडा व एका बाजूची भुजा कायम आहे. बाजूची झाकणे व पुढचा मडगार्ड ॲल्युमिनियमचे आहेत. सीट पुढच्या बाजूने ॲल्युमिनियमच्या आधारावर पेललेली असून तिच्या मागच्या भागाखालून आरपार दिसते. ही मोकळी फट रचनाकारांनी निष्ठेने जपली आहे. हेडलाइट मात्र पहिल्या व्हेस्पाप्रमाणे मडगार्डवर नसून हँडलवर आहे, आणि ही सवय पुढच्या दशकातील व्हेस्पांची. पहिल्या व्हेस्पाला ९८ घ. सेंमी.चे टू-स्ट्रोक इंजिन होते. येथे १२५ किंवा १५० घ. सेंमी.चे तीन व्हॉल्व्हचे फोर-स्ट्रोक इंजिन, इंधन-अंतःक्षेपण व ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा आहे.

एम्पोरिओ अरमानी (२०१५) व ख्रिश्चन दिओर (२०२१) यांच्या सहयोगाने, तसेच चिनी पंचांगातील वर्षांवरून विशेष आवृत्त्या निघाल्या. २०२४ च्या ‘ड्रॅगन’च्या १,८८८ गाड्या जाहीर झाल्या होत्या.

महाराष्ट्राचा व्हेस्पाशी संबंध जुना आहे. १९६० च्या सुमारास बजाजने परवान्याखाली ती बनवायला घेतली आणि २०१२ पासून प्याज्जोच्या बारामती कारखान्यात व्हेस्पा तयार होऊ लागल्या. ९४६ तेथे बनली नाही. २०१६ मध्ये तिची अरमानी आवृत्ती आयात करून भारतात सुमारे १२ लाख रुपयांना विक्रीस आली.