स्टॅटिक टायमिंग झालं म्हणजे टायमिंग झालं का?

जुन्या मोटरसायकलवरचे पॉइंट (उघडताना ठिणगी पाडणारे यांत्रिक संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, खुणा जुळवल्या, किक मारली, गाडी सुरू झाली. इथेच बरेच जण पाना खाली ठेवतात. पण झालंय ते फक्त स्टॅटिक टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ बंद इंजिनवर जुळवणं. स्ट्रोबचं, म्हणजे ठिणगीबरोबर लकाकणाऱ्या दिव्याचं, काम अजून बाकी आहे, आणि ते म्हणजे त्याच मापाची जरा बारीक आवृत्ती नव्हे.

स्टॅटिकमध्ये इंजिन बंद असतं. प्लग काढायचे, क्रँक हाताने फिरवून फुल ॲडव्हान्सच्या, म्हणजे ठिणगी जास्तीत जास्त आधी पडते त्या, खुणेवर आणायचा (ट्रायम्फच्या ६५० ट्विनवर टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो त्या बिंदूच्या, ३८ अंश आधी), आणि रोटरवरचं (फिरत्या भागावरचं) चुंबक स्थिर स्टेटर प्लेटवरच्या खुणेसमोर येईल असं बसवून बोल्ट आवळायचा. मूळची खूण भरवशाची नसेल तर क्रँकवर डिग्री डिस्क (अंशांच्या खुणांची चकती) लावा. प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप घालून क्रँक दोन्ही बाजूंनी अडेपर्यंत हळू फिरवा. दोन आकड्यांचा बरोबर मध्य म्हणजे खरा टीडीसी. पिस्टन वर आलेला नुसता डोळ्याने पाहून हा बिंदू सापडत नाही, कारण तिथे क्रँक काही अंश फिरला तरी पिस्टन जवळजवळ हलत नाही.

पॉइंटच्या काळात एवढ्यावर बऱ्यापैकी भागायचं. पॉइंट उघडतात तिथेच ठिणगी पडते, त्यामुळे बल्ब लावून तो क्षण बंद इंजिनवरही पकडता येतो. चुंबक आणि पिकअप कॉइलच्या किटमध्ये तसं होत नाही. रोटर थांबलेला असेल तर सिग्नलच तयार होत नाही, आणि फिरायला लागला की ठिणगी कधी सोडायची ते किटचा इलेक्ट्रॉनिक बॉक्स वेगानुसार ठरवतो. म्हणून तर वजनं आणि स्प्रिंगवाला जुना ॲडव्हान्स युनिट काढून टाकायचा असतो. थोडक्यात, स्टॅटिकमध्ये भाग कुठे आहेत ते कळतं, ठिणगी कुठे पडते ते नाही.

ते दाखवतो स्ट्रोब. त्याची क्लिप प्लगच्या वायरवर लावायची. प्रत्येक ठिणगीला दिवा लकाकतो आणि फिरती खूण थांबल्यासारखी दिसते. आयडलला पाहून समाधान मानू नका, तिथे ॲडव्हान्स पूर्ण आलेलाच नसतो. आरपीएम वाढवत न्या. खूण सरकायची थांबली की ॲडव्हान्स पूर्ण. हा वेग किटच्या कागदावर दिलेला असतो. त्या वेळी खूण स्थिर काट्याच्या पुढे निघून गेलेली दिसली तर ठिणगी उशिरा पडतेय. प्लेट रोटरच्या फिरण्याच्या उलट दिशेने किंचित सरकवा. किंचितच, कारण रोटर कॅमशाफ्टवर असेल तर तो क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. प्लेट १ अंश हलली की टायमिंग २ अंश हलतं.

स्ट्रोबला वीज वेगळ्या बॅटरीतून द्या. गाडीच्याच बॅटरीवर जोडला तर तो कधीकधी भलतीच लकाकी देतो आणि खूण नाचायला लागते. स्वतंत्र बॅटरी लावूनही नाचत असेल, तर प्लेटला हात लावण्याआधी अर्थिंग आणि गाडीच्या बॅटरीचं व्होल्टेज तपासा. व्होल्टेज कमी पडलं की काही बॉक्स चुकीच्या क्षणी ठिणगी सोडतात, आणि प्लेट कितीही फिरवली तरी तो दोष जात नाही.