आय-पॅट सूत्र

माणसांमुळं निसर्गावर किती बोजा पडतो ते मोजायची गुणाकाराची साधी रीत: आय = पी × ए × टी. आय म्हणजे बोजा, पी म्हणजे डोकी, ए म्हणजे दरडोई वापर, आणि टी म्हणजे त्यातला एकेक नग बनवायला जी टेक्नॉलॉजी लागते तिचा त्रास. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक आणि भौतिकशास्त्रज्ञ जॉन होल्ड्रेन यांचं पर्यावरणवादी बॅरी कॉमनरशी जे भांडण जुंपलं त्यातून हे आलं, कॉमनर म्हणायचे दोष टेक्नॉलॉजीचा, हे दोघं म्हणायचे आधी माणसं मोजा.

एर्लिक मूळचे फुलपाखरंवाले. १९५९ पासून स्टॅनफर्डला, तिथल्या जॅस्पर रिजवर चेकरस्पॉट फुलपाखरांची वर्षानुवर्षं मोजदाद केली, १९६४ मध्ये पीटर रेव्हनबरोबर सुरवंट आणि झाडं एकमेकांना कसं बदलवतात यावर गाजलेला पेपर लिहिला. पण जगभर नाव झालं ते १९६८ च्या 'द पॉप्युलेशन बॉम्ब'मुळं (बायको ॲननं बरोबरीनं लिहिलं, कव्हरवर नाव मात्र एकट्याचं). १९७० च्या दशकात कोट्यवधी लोक भुकेनं मरणार असं त्यात ठोकून लिहिलंय, आणि सुरुवात दिल्लीच्या गर्दीतल्या टॅक्सीतून. तेवढी माणसं काही मेली नाहीत, बुटका गहू आणि खतं मधी आली. १९८० मध्ये अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमनशी पैज लावली की पाच धातू दहा वर्षांत महागतील, तीही हरले आणि ५७६.०७ डॉलरचा चेक पाठवून दिला.

म्हणून सूत्र टाकाऊ होत नाही. आमच्या बेळगाव-खानापूरकडं विहिरीच्या काठावर उभं राहून बघा. जुन्या घरात दहा-बारा माणसं, रहाटानं ओढलेल्या घागरी, पाणी अंगणात सांडलं तर आजी ओरडायची. आता त्याच घरात चारजण, पण बोअर, मोटर, गच्चीवर टाकी आणि मागं ऊस. कर्नाटकात बाईमागं मुलांचं प्रमाण २०१९-२१ च्या सर्व्हेत १.७ आलंय, म्हणजे पी आता आवरत आलाय, ए मात्र सुटलाय.

सूत्राची खरी खोट अशी की तिन्ही अक्षरं सुटी धरली जातात आणि ती एकमेकांना ओढतात. ठिबक बसवलं की एकराला पाणी कमी लागतं, टी उतरला म्हणायचा, आणि वाचलेल्या पाण्यावर गडी पुढच्या पावसाआधी बांधापलीकडच्या जोंधळ्याच्या रानातपण ऊसच लावतो.