जानेवारीतली पाणपक्षी मोजणी कुठनं आली

जानेवारीचा दुसरा आठवडा जवळ आला की पक्षी बघणाऱ्यांचे फोन सुरू होतात, रंकाळ्यावर कोण, कळंब्याला कोण, राजाराम तलावाकडं जाणाऱ्यांत दुर्बीण कुणाकडं आहे वगैरे. आणि त्यात एखादं नवीन पोरगं विचारतंच की कोल्हापूरला ना समुद्र ना खाडी, मग ही मोजणी आपण कशाला करायची, ती तर ठाणे, उरण, चिल्का असल्या किनाऱ्यावरच्या पाणथळींची असती ना. प्रश्न चुकीचा नाही. पण ही मोजणी कशासाठी सुरू झाली ते बघितलं की उत्तर आपोआप मिळतं, म्हणून जरा मागनं सांगतो.

पाणपक्ष्यांचे सगळ्यात जुने आकडे हे मारलेल्या पक्ष्यांचे आहेत. भरतपूरला केवलादेवच्या पाणथळीत दगडावर कोरून ठेवलेली यादी आजपण बघायला मिळते, कुठल्या तारखेला कुठला साहेब आला आणि दिवसभरात किती बदकं पडली. 1902 ला लॉर्ड कर्झनच्या वेळी 540, आणि 12 नोव्हेंबर 1938 ला व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत एका दिवसात 4,273. एका दिवसात! योगायोग असा की 12 नोव्हेंबर हा सलीम अलींचा वाढदिवस, त्यादिवशी ते 42 वर्षांचे झाले होते, आणि आता आपल्या राज्यात पक्षी सप्ताह 5 नोव्हेंबरला मारुती चितमपल्लींच्या वाढदिवशी सुरू होऊन ह्याच तारखेला संपतो. संस्थानी काळात शिकार म्हणजे मानाची गोष्ट, आपलं कोल्हापूर तर पाळीव चित्ते सोडून काळवीट मारण्यासाठी लांबलांब माहीत होतं, त्यामुळं भरतपूरकडं बोट दाखवून आपण मोकळं व्हायचं कारण नाही.

मारण्याऐवजी मोजूया हा विचार पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात अमेरिकेत आला. तिकडं नाताळात दोन गट करून कोण जास्त पक्षी-प्राणी मारतंय अशी पैज लावायची पद्धत होती, फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षीतज्ज्ञानं सुचवलं की त्यादिवशी बंदूक घरी ठेवा आणि नुसते मोजा. 25 डिसेंबर 1900 ला 27 माणसांनी ते केलं आणि ती ख्रिसमस मोजणी आजपण चालू आहे. पण ती सगळ्याच पक्ष्यांची. फक्त पाणपक्ष्यांची, ठरलेल्या पाण्यावर, दर हिवाळ्यात अशी शिस्तशीर मोजणी ब्रिटनमध्ये 1947 पासून चालू झाली, आणि 1967 ला ती आंतरराष्ट्रीय झाली.

1967 च का, तर महायुद्धानंतर युरोपात दलदली बुजवून शेती आणि कारखाने काढायचा सपाटा लागला होता. पाणथळ म्हणजे डासांची, रोगराईची, वाया गेलेली जागा असाच सगळ्यांचा समज. 1962 ला फ्रान्सच्या कामार्ग भागात लुक हॉफमन ह्यांच्या पुढाकारानं एक परिषद झाली, तिथं असं ठरलं की देशादेशांत करार करून ह्या जागा वाचवायच्या. पण वाचवायच्या म्हणजे कुठल्या? सगळ्या तर कोण वाचवू देणार नाही. मग कुठली पाणथळ किती महत्त्वाची हे दाखवायला आकडा पायजे, आणि ज्या पक्ष्याला ना पासपोर्ट ना व्हिसा त्याचा आकडा एका देशानं मोजून भागत नाही, सगळ्यांनी एकाच वेळी मोजायला पायजे. जानेवारी त्यासाठीच निवडला. उत्तरेकडनं येणारे सगळे तोवर आलेले असतात, परतीची घाई फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होती, मधल्या काळात थवे त्यातल्या त्यात एका जागी बसतात.

पुढं 2 फेब्रुवारी 1971 ला इराणमधल्या रामसर गावात करार झाला. त्याचे दोन निकष थेट ह्या मोजणीवर उभे आहेत, एखाद्या पाणथळीवर नेहमी 20,000 किंवा जास्त पाणपक्षी येत असतील तर ती जागा महत्त्वाची, नाहीतर एखाद्या जातीच्या एकूण संख्येतला 1 टक्का जरी तिथं येत असेल तरी महत्त्वाची. हा 1 टक्क्याचा नियम मला फार आवडतो, कारण त्यात लहान जागेलापण न्याय मिळतो. तलाव केवढा आहे हे कोण विचारत नाही, त्या जातीसाठी तो किती मोलाचा हे विचारतात. पण हा 1 टक्का काढायचा तर आधी जगभरात ती जात किती आहे हे माहीत पायजे, आणि ते कळतं कशावरनं, तर हजारो तलावांच्या बेरजेवरनं. आपल्या नव्या पोराच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथंच आहे. चिल्क्याचा लाखांचा आकडा आणि कळंब्याचा शे-दोनशेचा आकडा एकाच बेरजेत जातो.

आपल्याकडं मोजणीच्या आधी पक्ष्यांच्या पायात खुणेची कडी घालण्याचं काम सुरू झालं, आणि त्याचं कारण ऐकून आपल्या भागातली माणसं चमकतील. 1957 ला कर्नाटकात शिमोग्याकडं क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली, माणसांना ताप येऊ लागला, तोच हा माकडताप जो 2016 ला दोडामार्गकडं आल्यावर आपल्याकडं घरोघरी माहीत झाला. त्याचा विषाणू रशियातल्या एका विषाणूशी जुळतो असं दिसलं आणि शंका आली की स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांतनं तो आला की काय. मग 1959 ला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं सलीम अलींच्या देखरेखीखाली पक्ष्यांच्या पायात कड्या घालायचं मोठं काम हाती घेतलं. इथं कडी घातलेली बदकं पार सोव्हिएत रशियात सापडली, आणि आपल्या तलावावरचं बदक कुठनं येतंय हे पुराव्यानिशी कळलं. रोगाच्या भीतीनं सुरू झालेल्या कामातनं पक्ष्यांची अख्खी वाट उलगडली. हीच ती मध्य आशियाई वाट, सायबेरियापासनं हिंदी महासागरापर्यंत 30 देशांतनं जाणारी.

नंतर 1972 चा वन्यजीव कायदा आला, 1981 ला चिल्का आणि केवलादेव रामसर यादीत गेले, 1982 ला तो करार भारताला लागू झाला, आणि 1987 ला भारतीय उपखंडात आशियाई पाणपक्षी गणना सुरू झाली, जी पुढं ऑस्ट्रेलियापर्यंत पसरली. आपण जानेवारीत करतो ती हीच.

आता किनाऱ्यावर मोजतात कसं ते सांगतो, कारण आपल्यापेक्षा ते फार वेगळं आहे. आपल्याकडं तलाव सकाळी जसा असतो तसाच दुपारी. खाडीत भरती-ओहोटी. ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो आणि तुतवार, चिखल्या, कोरल, फ्लेमिंगो सगळे त्यावर पसरून खात असतात, इतके लांब की टेलिस्कोपमधनंपण नुसते ठिपके. त्यावेळी मोजायला गेलात तर हाती काय लागत नाही. पाणी चढायला लागलं की चिखल बुडतो, पक्षी मागं मागं सरकतात आणि शेवटी मिठागरात, बांधावर, एखाद्या उंचवट्यावर दाटीवाटीनं येऊन बसतात, एका पायावर, चोच पाठीत खुपसून. तो तास-दीड तास मोजणाऱ्याचा. थवा मोठा असेल तर आधी 100 पक्षी नीट मोजायचे, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यात बसवायचं आणि मग तसले किती तुकडे होतात ते थव्यावर सरकवत जायचं, एकानं मोजायचं, दुसऱ्यानं लिहायचं. सवय लागेपर्यंत आकडा कमीच येतो, बहुतेकांचा.

म्हणूनच मिठागरं वाचणं एवढं गरजेचं आहे. चिखल शाबूत ठेवला आणि बसायची जागा बुजवली तर भरतीला पक्ष्यानं जायचं कुठं? उरण, नवी मुंबईकडं भराव पडत गेले त्यात नेमक्या ह्याच जागा गेल्या. दुसरीकडं ठाणे खाडीत 1990 नंतर फ्लेमिंगो मोठ्या संख्येनं यायला लागले, लोक मोजत राहिले, आकडे वर्षानुवर्षं कागदावर येत गेले, 2015 ला ते अभयारण्य झालं आणि 2022 ला रामसर स्थळ. नुसत्या आकड्यांनी झालं असं मी म्हणणार नाही, पण आकडे नसते तर फाईल पुढं सरकलीच नसती हे नक्की. हिमाचलमधल्या पोंग धरणावर 2020-21 च्या हिवाळ्यात बर्ड फ्लूनं जवळजवळ 5,000 पक्षी मेले, त्यात बहुतेक पट्टकदंब हंस. तिथं दरवर्षीची मोजणी होती म्हणूनच तो घाव त्या हंसांच्या एकूण संख्येला केवढा लागला ह्याचा अंदाज करता आला.

आता आपल्याकडं येऊ, कारण इथं एक कायद्याची मेख आहे आणि ती फार कमी जणांना माहितीय. इस्रोच्या अहमदाबाद केंद्रानं उपग्रहावरनं देशातल्या पाणथळींचा नकाशा केला, 2.25 हेक्टरपेक्षा मोठ्या 2,01,503 पाणथळी निघाल्या, आणि 2017 ला सुप्रीम कोर्टानं त्यांना संरक्षण द्यायला सांगितलं. त्याच वर्षी पाणथळींचे नवे नियम आले. त्यात पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यपालनासाठी, मिठासाठी किंवा करमणुकीसाठी माणसानं बांधलेले पाणसाठे वगळलेत. म्हणजे किनाऱ्यावरची मिठागरं बाहेर, आणि आपला कळंब्यासारखा शहराला पाणी देणारा तलावपण ह्या नियमांच्या व्याख्येबाहेर. अर्ध्याअधिक पश्चिम महाराष्ट्राचे पाणपक्षी असल्याच बांधलेल्या पाण्यावर उतरतात, भिगवणचे फ्लेमिंगो उजनीच्या पाण्यावर, मायणीचा तलावपण बांधलेलाच. पक्ष्याला काय माहीत पाणी कुणी अडवलंय.

पण वाट बंद नाही. नांदूर मधमेश्वर बघा, गोदावरी-कादवाच्या संगमावर 1907 ते 1913 मध्ये सिंचनासाठी बांधलेला बंधारा, गाळ साठला, उथळ झाला, पक्षी आले, आणि जानेवारी 2020 ला महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ म्हणून तेच जाहीर झालं. मायणीला 2021 ला पक्षी संवर्धन राखीवचा दर्जा मिळाला. बांधलेल्या पाण्याची बाजू मांडायची तर त्यावर कोण उतरतं ह्याची वर्षानुवर्षांची नोंद हाच मोठा आधार.

रंकाळ्याचं सगळ्यांना माहितीय, सांडपाणी, केंदाळ, हिरवं पडलेलं पाणी, त्यासाठी झालेली आंदोलनं. आपण त्याविषयी बोलताना पाण्याचा वास आणि रंग सांगतो, पण शालिनी पॅलेसच्या बाजूला वारकरी पक्षी किती होते आणि किती राहिले हे सलग सांगता येणारी माणसं थोडी. वारकरी मोजायला सोपा, काळा, पांढऱ्या कपाळाचा, उघड्यावर पोहणारा. टिबुकली मात्र घाम काढती, पाच दिसल्या म्हणून लिहावं तर तिघी बुडी मारतात आणि भलतीकडं सात वर येतात, तिच्यासाठी थांबून दोन-तीनदा मोजून मोठा आकडा घ्यायचा. हळदीकुंकू बदकं केंदाळाच्या कडेला गप्प बसलेली असतात, पदपथावरनं चालत गेलात तर दिसणारच नाहीत. आणि कळंबा, रंकाळा, राजाराम एकाच सकाळी, एकाच वेळेत मोजायला पायजे, कारण कळंब्यावर कुणी दंगा केला की तिथला थवा उठून दुसऱ्या तलावावर बसायला वेळ लागत नाही आणि तेच पक्षी दोनदा लिहिले जातात.

फॉर्मवर पक्ष्यांशिवाय पाणी किती आहे, मासेमारी, धुणं, भराव, सांडपाणी ह्याच्यापण नोंदी असतात, त्या भरायचा कंटाळा करू नका. थापट्या किंवा तलवार बदक ह्या वर्षी एकपण दिसलं नाही तर तेपण लिहायचं. गेलोच नाही आणि गेलो पण दिसलं नाही ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, दहा वर्षांनी आलेख काढणाऱ्याला तो कळायला पायजे.

आणि एक विनंती जुन्या मंडळींना. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मोबाईलच्या आधीच्या काळात वह्यांमध्ये नोंदी केल्यात, कपाटात पडून आहेत. तारीख, जागा आणि आकडा एवढं जरी वाचता येत असलं तरी ती यादी आज ईबर्ड ह्या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर जुन्या तारखेनं चढवता येते, टायपिंगला कुणी लागलं तर सांगा, येऊन बसतो.