एल्मार की इंडस्टार? नाव नको, पाती बघा

दिवाळीनंतरच्या एका रविवारी पाचोऱ्याचे एक ओळखीचे सर घरी आले. चहा व्हायच्या आतच त्यांनी खिशातून सराफाकडे मिळते तसली लाल मखमली थैली काढून माझ्या तळहातावर ठेवली. "भाऊ, हाई जर्मनीनी शे. देखी ल्या." थैलीत निघाली बोटभर उंचीची, पांढऱ्या धातूची, चकचकीत लेन्स. पुढच्या कड्यावर लाइट्झ (लाइका कॅमेरे बनवणारी जर्मन कंपनी), वेट्झलार (तिचं गाव), एल्मार (लेन्सचं नाव) अशी अक्षरं कोरलेली. विकणाऱ्याने लेन्ससोबत एक गोष्टही फुकट दिली होती, की ही चाळीसगावचे नामवंत छायाचित्रकार केकी मूस यांच्याकडची. आमच्या खानदेशात कुठेही जुना कॅमेरा निघाला की त्याचं मूळ हमखास मूससाहेबांच्या घरी जाऊन पोचतं. ते १९८९ साली गेले. त्यानंतर लोकांनी त्यांच्या नावावर जेवढे कॅमेरे खपवलेत, तेवढे ठेवायला त्यांचा बंगला पुरला नसता.

मी लेन्स हातात फिरवली, नळी बाहेर ओढली, पुन्हा आत ढकलली आणि सरांना म्हटलं, "सर, ही एल्मार नाही. ही इंडस्टार-२२ आहे, रशियन. नाव मागाहून कोरलंय."

सरांचा चेहरा पडला. मला वाटतं तो पडायचं एवढं कारण नव्हतं. पण ते पटवून द्यायला तासभर गेला.

दोन्ही लेन्स दिसायला जुळ्या बहिणी. दोन्ही ५० मिलिमीटरच्या, दोन्हींचं प्रकाश आत घेणारं सगळ्यात मोठं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर ३.५, दोन्हींना ३९ मिलिमीटरचे आटे, दोन्हींत चार भिंगं तीन गटांत बसवलेली, मागची दोन एकमेकांना चिकटवलेली. फोकसची बारकी मूठ, ती अनंतावर नेली की 'टक्' करून अडकवणारा खटका, आणि अ‍ॅपर्चरची खूण अगदी नाकावर, पुढच्या कड्यात. सगळ्यात मोठं साम्य म्हणजे दोन्ही आत सरकतात.

हे सरकणं कशासाठी, ते आधी बघू. ५० मिमीच्या लेन्सला दूरचं दृश्य स्पष्ट उमटवायचं असेल तर भिंगं फिल्मपासून साधारण पाच सेंटिमीटरवर हवीत. जुन्या स्क्रूवाल्या लाइकाच्या तोंडापासून फिल्मपर्यंतचं अंतर मात्र २८.८ मिमी. म्हणजे दोनेक सेंटिमीटर नळी बाहेर येणार, आणि कोटाच्या खिशात कॅमेरा टाकायचं स्वप्न तिथेच संपणार. लाइका घडवणाऱ्या ऑस्कर बार्नाकला तर कॅमेरा खिशातच टाकायचा होता. कॅमेऱ्याच्या पोटात शटरच्या पुढे पोकळी रिकामीच असते, म्हणून काम नसेल तेव्हा नळीने तिथे जाऊन बसायचं. पूर्वी रेल्वेच्या प्रवासात लोक दुमडता येणारा स्टीलचा पेला नेत, त्याच जातीची ही युक्ती. फोटो काढताना नळी ओढायची आणि थोडी उजवीकडे फिरवून अडकवायची. ओढली पण फिरवली नाही, तर भिंग डुगडुगतं. ओढायलाच विसरलात, तर अख्ख्या रोलवर धुकं.

मी विसरलो आहे. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या बाजारात, दत्तजयंतीच्या दिवसांत, तापीकाठच्या त्या गर्दीत पहिले बारा-तेरा फोटो नळी आत ठेवूनच काढले. अशा कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. खिडकीतून घोडा, त्याच्या कपाळावरचे गोंडे, मालकाचा फेटा, सगळं लख्ख दिसत होतं. फिल्म धुऊन आली तेव्हा घोडा कुठला आणि मालक कुठला ते ओळखू येईना.

आता दोघींचं कूळ. लाइका १९२५ च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत लोकांसमोर आली. तिच्यासाठी लाइट्झच्या माक्स बेरेक यांनी आधी पाच भिंगांची लेन्स आखली होती. ती बनवायला किचकट, म्हणून लवकरच चार भिंगांची एल्मार आली आणि पुढे तीस-पस्तीस वर्षं टिकली. सुरुवातीला निकेलचा पिवळसर मुलामा, नंतर क्रोम. एल्मार हे नाव पुढच्या लेन्सनाही मिळालं आणि १९९४ मध्ये लाइकाने २.८ अ‍ॅपर्चरची आत सरकणारी एल्मार-एम काढली. पण बाजारात नुसतं 'एल्मार' म्हटलं की लोकांच्या मनात येते ती जुनी ३.५ वाली.

रशियन बाजूची कथा जास्त मजेशीर आहे. खारकीवला अनाथ, बेवारस मुलांसाठी एक वसाहत होती, सोव्हिएत गुप्त पोलिसांचा प्रमुख फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की याच्या नावाची. त्याच्या आद्याक्षरांवरून कॅमेऱ्याचं नाव पडलं फेड. १९३४ पासून तिथे लाइकाच्या दुसऱ्या मॉडेलची नक्कल बनू लागली. महायुद्धानंतर मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क कारखान्याने १९४८ मध्ये झोर्की नावाचा कॅमेरा काढला, आणि त्याच्या तोंडावर बसली इंडस्टार-२२. बाहेरचा साज पूर्ण एल्मारचा. पण आतल्या भिंगांची मांडणी जर्मनीतल्याच दुसऱ्या घराण्याची, झाईसच्या टेसारची. टेसार १९०२ ची, पाउल रुडॉल्फ यांची. म्हणजे इंडस्टार ही अंगात लाइट्झचा सदरा घातलेली झाईसची नात. 'एल्मारची स्वस्त नक्कल' म्हणतात लोक, पण ते फक्त सदऱ्यापुरतं खरं.

जळगावच्या सराफ बाजारात जुना माणूस दागिन्यावरचा शिक्का आधी वाचत नाही, कसोटीचा दगड काढतो. इथे कसोटी आहे भोक लहान-मोठं करणाऱ्या अ‍ॅपर्चरच्या पात्यांची जागा. बेरेक यांनी एल्मारमध्ये पाती पहिल्या आणि दुसऱ्या भिंगाच्या मधे बसवली. टेसारमध्ये, आणि म्हणून इंडस्टारमध्येही, ती दुसऱ्या भिंगाच्या मागे, चिकटवलेल्या जोडीच्या पुढे असतात. अ‍ॅपर्चर पूर्ण बारीक करा, लेन्स खिडकीकडे धरा आणि समोरून जरा तिरकं बघा. एल्मारमध्ये पाती पहिल्या काचेला जणू टेकून बसलेली दिसतील. इंडस्टारमध्ये ती आत, विहिरीत डोकावावं तशी खोलवर दिसतात. दोन्ही लेन्स शेजारी ठेवल्या तर शेंबडं पोरही फरक सांगेल. एकच हातात असेल तर एकदा तरी दुसरी पाहिलेली हवी. कड्यावर कोरलेलं नाव कोणीही खरवडून बदलू शकतो. पात्यांची जागा बदलायला अख्खी लेन्सच नवी आखावी लागेल, आणि एवढे कष्ट घेणारा माणूस बनावट माल कशाला विकेल?

आकड्यांवरून मात्र निकाल देऊ नका. जुन्या एल्मारवर ३.५, ४.५, ६.३, ९, १२.५, १८ असे आज विचित्र वाटणारे आकडे असतात, त्यामुळे काही जण '६.३ दिसलं म्हणजे खरी' असं सांगतात. पण युद्धानंतरच्या अस्सल एल्मारवर आपले नेहमीचे ४, ५.६, ८ च आहेत, आणि युद्धाआधीच्या फेडच्या लेन्सवर जुने आकडेही सापडतात. आट्यांनीही काही कळत नाही, नुसत्या डोळ्यांनी तर नाहीच.

सोबत कॅमेराही असेल तर काम सोपं. लेन्स काढून तोंडात वर बघा. फोकस जुळवणारा जो दांडा लेन्सच्या पाठीला टेकतो, त्याच्या टोकाला लाइकात बारकं गोल चाक असतं. फेड आणि झोर्कीत तिथे पाचरीसारखा टोकदार तुकडा असतो. सोव्हिएत संघ मोडल्यावर अशा कॅमेऱ्यांवर 'लाइका' कोरून, कधी सोनेरी मुलामा, कधी जर्मन वायुदलाचा गरुड चढवून ते जगभर विकले गेले. गरुड जितका मोठा, तितका माझा संशय मोठा.

आता सरांना खरं बोचत होतं त्या प्रश्नाकडे. फोटो कुणाचा चांगला?

चार भिंगं तीन गटांत म्हणजे काच आणि हवा यांना जोडणारे सहा पृष्ठभाग. परावर्तन कमी करणारा पारदर्शक मुलामा नसलेला प्रत्येक पृष्ठभाग अंदाजे चार-पाच टक्के प्रकाश परतवतो. सहांचा हिशोब धरला तर पाव हिस्सा प्रकाश फिल्मपर्यंत पोचतच नाही. त्यातला काही आतल्या आत भटकतो आणि काळ्या जागा राखाडी करतो. युद्धाआधीच्या एल्मारला असा मुलामा नाही. इंडस्टार-२२ ला तो असतो, आणि अनेक नगांवर त्याची खूण म्हणून दाराच्या चौकटीसारखं दिसणारं लाल रशियन अक्षर कोरलेलं असतं. म्हणून सूर्य समोर असताना, सकाळच्या धुक्यात उभ्या केळीच्या बागेत वगैरे, १९३५ च्या नावाजलेल्या एल्मारपेक्षा १९५० च्या दशकातली साधी इंडस्टार काळं जास्त काळं देते. ज्यांना तो जुना, दुधाळ, कडा विरघळलेला उजेड हवा असतो त्यांना एल्मारच आवडणार, आणि त्यांचं चूक नाही. पण तो गुण लाइट्झच्या शिक्क्याचा नाही, मुलामा नसण्याचा आहे. आणि अ‍ॅपर्चर ८ वर, पोस्टकार्डाएवढ्या छपाईत, दोन्हींतला फरक मला सांगता आलेला नाही. सांगता येतो म्हणणारे भेटतात. त्यांच्यासमोर मी फोटो उलटे ठेवतो.

धातूच्या कामात मात्र एल्मार पुढे, यात वाद नाही. चांगल्या एल्मारची नळी तेल घातलेल्या कडीसारखी निमूट सरकते आणि अडकली की हलत नाही. इंडस्टारमध्ये नगागणिक नशीब. एक नग असा की हातात घेतल्यावर जर्मन की रशियन विचारायलाच नको, दुसऱ्याची नळी बाहेर ओढूनही लुटलुटणारी. नळी डुगडुगली की भिंग जरासं कलतं आणि फोटोची एक बाजू स्पष्ट, दुसरी झोपलेली. घेताना नाव वाचण्याआधी हे हलवून बघा.

आणि मग आपलं हवामान. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, पत्र्याच्या कपाटात त्याहून वर. त्यात ग्रीस फुटतं, तेल वेगळं होऊन पात्यांवर उतरतं आणि त्याचा पापुद्रा शेजारच्या काचेवर बसतो. समोरून काच स्वच्छ दिसते, पण मोबाइलचा टॉर्च मागून मारला की आतलं धुकं दिसतं. रशियन ग्रीसचं दुखणं उलटं. ते वर्षानुवर्षं वाळून गूळपापडीसारखं घट्ट होतं, आणि डिसेंबरच्या सकाळी फोकसची मूठ फिरवताना सगळी लेन्सच आट्यातून सुटून हातात येते. पावसाळ्यात बुरशी दोघींना सारखीच लागते. त्यातून कापसाच्या दिवसांत जिनिंगजवळून गेलात तर हवेत तरंगणारं तंतूंचं धुकट, आणि सरकणारी नळी म्हणजे सायकलचा पंपच, प्रत्येक ढकला-ओढीला थोडी हवा, थोडी धूळ आत. म्हणून अशी लेन्स मी उन्हाळ्यात गव्हाच्या कोठीच्या थंड खोलीत ठेवतो, चामड्याच्या मूळ डबीत नाही. डबी दिसायला छान, बुरशीला त्याहून छान.

सरांनी किती पैसे दिले ते इथे सांगत नाही. एल्मारच्या हिशोबाने स्वस्त होते, इंडस्टारच्या हिशोबाने बरेच जास्त. फसवणूक झाली ती एवढीच, लेन्समध्ये नाही. काचेत धुकं नव्हतं, पाती कोरडी होती, नळी घट्ट बसत होती. मी त्यांना म्हटलं, "नावाचे पैसे गेले समजा. वस्तू चांगली मिळाली."

सर थोडा वेळ गप्प बसले. मग पिशवीतून स्वतःचा मिररलेस कॅमेरा आणि ऑनलाइन मागवलेलं अ‍ॅडॉप्टर काढलं, लेन्स आट्यांवर बसवली, समोरच्या कडुलिंबाचे दोन फोटो काढले. पडद्यावर बघून त्यांचा चेहरा पुन्हा मूळ जागी आला. समाधानाने त्यांनी नळीवर अंगठा ठेवला आणि ती आत ढकलायला लागले. मी मनगटच धरलं. सोनीच्या या कॅमेऱ्यात तोंडापासून सेन्सरपर्यंत १८ मिमी, अ‍ॅडॉप्टरची जाडी १०.८, मिळून जुन्या लाइकाएवढंच अंतर होतं खरं, पण जुन्या लाइकाच्या पोटातली मोकळी जागा या कॅमेऱ्यात असेलच याची खात्री कोण देणार? नळी आत शटरला किंवा सेन्सरच्या काचेला भिडली तर लेन्सच्या दसपट खर्च.

नळी बाहेर ओढून, फिरवून अडकवली आणि तिच्याभोवती काळ्या टेपचे दोन वेढे घातले.

"म्हणजे," सर म्हणाले, "ही आत जाणारी लेन्स आता आत जाणारच नाही?"

"नाही."

"आणि जर्मनही नाही."

"नाही."

ते हसले आणि थैली तेवढी माझ्याकडे ठेवून गेले.